कव्हरातलं बंड

बंड कपाटात जपून ठेवता येतं, असं तुम्हालाही वाटतं का? नाकाडोंगरीच्या एका ठेकेदाराला वाटायचं. खाणमजुरांची पत्रकं वाटत मी त्याच्या ओसरीवर गेलो, तेव्हा आत तबकडीवर एक विलायती पंक बँड बंडाची गाणी ओरडत होता. पत्र्यावर दगड पडावेत तशी गिटार. मी जागीच खिळलो.

"मालकांना शिव्या देऊन राहिले पोट्टे," तो कौतुकाने म्हणाला. "यांच्या सगळ्या तबकड्या जमवल्या मी." मग त्याने ती तबकडी मलमलीने पुसली, दोन्ही तळव्यांत कडेने धरली आणि कव्हरात सरकवली.

मी म्हणालो, "रविवारी खाणीपाशी तुमच्याच मजुरांची सभा आहे. भोंग्यावर एक गाणं ऐकवू द्या."

तो दचकला. "तिथं? किती धूळ असते तिथं! ओरखडे पडतील न."

सभेत मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्याच धुळीत रोज दगड फोडणारी एक बाई खोकत खोकत हसली. "आमच्या छातीले बी असं कवर भेटते का, इचारजो त्याले, भाऊ!"

त्या तबकडीवर आजही ओरखडा नसेल. तुमच्या कपाटात अशी एखादी असेल, तर ती बाहेर काढा आणि धुळीत नेऊन वाजवा.