निकामी

माझे वडील आयुष्यात अंड्यालाही शिवले नाहीत, आणि त्यांच्याकडे शिकारीच्या तीन बंदुका होत्या. शहाद्याहून अर्ध्या तासावर असलेल्या आमच्या गावात याची भरपूर थट्टा व्हायची. उसात रानडुकरे शिरली की दूध डेअरीपाशी कोणीतरी म्हणायचेच, "नाना, गोळी कसाले वाया घालतस? डुकरले बंदूकनी माहिती सांगा, तो कटाळीसन पयी जाई." नानांना राग यायचा नाही. उलट ते त्या माणसालाच माहिती सांगायला लागायचे.

तिन्ही बंदुका एकाच घडणीच्या होत्या. चापाभोवती जी लोखंडी कडी असते, ती खाली ओढायची आणि पुन्हा वर मिटायची; तेवढ्यात रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत जाते. पुस्तकात तिला लिव्हर ॲक्शन म्हणतात. आमच्या घरात ती 'कडीवाली' होती. पहिली आजोबांची, पीक राखण्याच्या परवान्यावर घेतलेली. नाना लहानपणापासून तिची कडी ऐकत आले होते, आणि मला वाटते त्यांना गोडी लागली ती त्या आवाजाची. दुसरी त्यांनी गुजरात हद्दीपलीकडच्या एका जुन्या जमीनदार घराण्याकडून मिळवली. तिसरी मिळवायला त्यांना सात वर्षे लागली.

ती धुळ्यात एका निवृत्त वन अधिकाऱ्याकडे होती. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला, पण बंदूक कोणाला द्यायला त्या तयार नव्हत्या. नाना दर दिवाळीनंतर धुळ्याला जायचे, चहा घ्यायचे, बंदूक बघायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. तिची नळी आठ कोनांची होती, दस्त्याचे लाकूड हात लागून लागून काळपट झालेले. तिची काडतुसे मिळेनाशी होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. सातव्या वर्षी बाईंनी विचारले, उडवता येत नाही, मारायचे काही नाही, मग नेऊन करणार काय? नाना म्हणाले, "पुसेन." बाईंनी दुसऱ्याच महिन्यात कागदपत्रांवर सही केली.

बंदुकांचा संग्रह म्हटले की काचेची कपाटे डोळ्यांपुढे येतात. नानांचा संग्रह म्हणजे गोदरेजच्या कपाटात जुन्या धोतरांत गुंडाळलेल्या तीन बंदुका. चौथी घेता येत नव्हती, कारण एका परवान्यावर तीनच. त्यामुळे पुढे ते नुसते बघायला जायचे. कोणाकडे जुनी कडीवाली आहे असे कळले की एसटीने तिथपर्यंत जायचे, घरमालकाला विनंती करायची, एकदा कडी ओढून बघायची आणि परत यायचे. घरी आल्यावर जेवताना ते आईला त्या बंदुकीबद्दल सांगायचे, जसे कोणी लग्नाच्या जेवणाबद्दल सांगतो. दर रविवारी तिन्ही बाहेर निघायच्या. ओसरीवर सतरंजी, शिवणयंत्राचे तेल, मऊ फडके. धुळ्याची शेवटी, सर्वांत जास्त वेळ.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. नाना सातवी शिकलेले. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी तापाने मला उठवत नव्हते, तर ते सकाळी सातपासून माझ्या जागी रांगेत उभे राहिले आणि दुपारी माझ्याकडून सही घ्यायला घरी येऊन परत गेले. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, बी.एड. केले, आणि आता हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. जे काही आहे ते त्या रांगेमुळे, असे मला खरोखर वाटते. गावात कोणाचाही अर्ज असला की नाना त्याला माझ्याकडे पाठवायचे. "मन्हा पोऱ्यानी मराठी पुस्तकनी मराठी शे," असे ते सांगायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचे. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. शाळेची मराठी मी शाळेत जाऊन शिकलो, आणि शिकलेली वस्तू माणूस जरा जास्तच मिरवतो.

मग नियम बदलला. एका परवान्यावर तीन नव्हे, दोनच शस्त्रे. तिसरे जमा करा, असे पत्र आले. नानांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावले. कोणती द्यायची हा प्रश्नच नव्हता. आजोबांची देता येणार नव्हती, गुजरातवालीचा शेतात अजून आवाज काढायला उपयोग होता. राहिली धुळ्याची. त्यांनी एक वाट शोधून काढली: शेती बघणारा माझा धाकटा भाऊ स्वतःचा परवाना काढेल, तोवर ही पोलीस ठाण्यात जमा राहील, आणि मग ती त्याच्या नावावर घरी येईल. ठाण्यातल्या लोकांनीही असे करता येते म्हणून सांगितले होते. फक्त कारणासह प्रतिज्ञापत्र हवे होते.

मी लिहायला बसलो. नाना खाटेवर बसून सांगत होते. "लिखी टाक भाऊ, हाई बंदूक आते काही कामनी नही. धाकलाना परवाना होये तवलोंग ठाण्यामा ऱ्हाऊ द्या."

मी लिहिले: 'सदर शस्त्र जुने व निकामी असल्याने ते जमा करीत आहे.' परवान्याबद्दलचे पुढचे वाक्य मी गाळले. कशाला पाल्हाळ, असे वाटले. मुलांच्या निबंधांतही मी हेच खोडतो. 'निकामी' हा शब्द सुचल्यावर मला बरेही वाटले होते. 'कामनी नही' याला इतका नेटका शब्द. नानांना मी सगळे वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली. पुस्तकातली मराठी होती, त्यांना त्यात काय चूक दिसणार? त्यांनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. ठाण्यातल्या कारकुनाने कागद घेताना माझ्या अक्षराची स्तुती केली.

भावाचा परवाना यायला दीड वर्ष गेले. आला त्या दिवशी नानांनी नवे फडके आणले. मी आणि ते ठाण्यात गेलो. तिथे आता दुसरे हवालदार होते, नगरकडचे, वयाने माझ्याएवढे, वागायला अगदी सरळ. त्यांनी रजिस्टर उघडले, मग दुसरे उघडले, मग आमच्याकडे बघितले.

"ही तर नष्ट करायच्या यादीत आहे, सर."

निकामी म्हणून जमा झालेली शस्त्रे वेगळी काढतात आणि मंजुरी आली की कापून वितळवायला पाठवतात, असे त्यांनी समजावले. आमची बंदूक पुढच्या खेपेत होती. मी म्हणालो की शब्द चुकला. वडिलांना निकामी म्हणायचे नव्हते. सध्या तिचे काम नाही, एवढेच म्हणायचे होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचले आणि मनापासून विचारले, "कामाची नाही आणि निकामी, यात फरक काय, सर?"

मी मराठी शिकवतो. मी कागद माझ्याकडे वळवून तोच शब्द पुन्हा वाचला. आमच्या बोलीत नांगर पावसाळ्यानंतर कामाचा नसतो, म्हातारा बैल कामाचा नसतो, लग्न लागल्यावर मांडव कामाचा नसतो, आणि यातले काहीच मोडलेले नसते. हे मला घरी परतताना बसमध्ये सुचले. सुचून तरी काय, प्रतिज्ञापत्र बोलीत लिहिलेले नव्हते.

त्यानंतर मी दुरुस्तीचा अर्ज केला. मग नंदुरबारला तीन फेऱ्या. प्रत्येक खिडकीवर माझे नीट ऐकून घेतले गेले, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवे. कोणी हाकलले नाही. एका साहेबांनी तर पाणी दिले. पण प्रत्येकाने तोच कागद समोर ठेवून माझ्याच सहीवर बोट ठेवले. अर्जात मी जितके सविस्तर लिहावे तितके ते सबबीसारखे वाचले जात होते. एरवी मुलांना मी सांगतो, नेमका शब्द वापरा. मी नेमकाच वापरला होता.

मी नंदुरबारला निघायचो त्या दिवशी नाना माझ्याआधी उठून अंघोळ करून बसलेले असायचे. आणि रविवारी सतरंजीवर दोन बंदुका झाल्या तरी ते लगेच उठायचे नाहीत.

शेवटी उत्तर आले की प्रत्यक्ष तपासणी होईल. शस्त्र चालू स्थितीत आहे की निकामी, ते जिल्ह्याहून येणारा शस्त्र कारागीर बघेल. मला वाटले, सुटलो. कडी एकदा ओढली की कोणालाही कळेल. नानांनी पिशवीत फडके आणि तेलाची बाटली घेतली. दीड वर्षाच्या वर कोणी हात लावला नसेल, म्हणाले.

कारागीर यायला वेळ होता. हवालदारांनी आम्हाला बाकावर बसवले आणि थोड्या वेळाने माझ्याकडे वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "सर, एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नका. चालू निघाली तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. काकांची सही आहे, साक्षीदार तुम्ही आहात. शिक्षक आहात. मला अहवाल पाठवावा लागेल, आणि असं पत्र शाळेलाही जातं."

धमकी अजिबात नव्हती. उलट आधी कळावे म्हणून त्यांनी सांगितले होते. चालत नसेल तर ती वितळणार, चालत असेल तर आम्ही खोटे लिहून दिलेले. मी पुन्हा बोलीचे सांगायला लागलो, आणि मलाच ऐकू आले की मी तेच वाक्य चौथ्यांदा म्हणतो आहे. नाना माझ्या दुसऱ्या बाजूला बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येते, म्हणून मी निर्धास्त होतो. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली आणि काही न घेता पुन्हा मिटली.

कारागीर आला. खाकीतला, पन्नाशीचा, खांद्याला अवजारांची पिशवी. बंदूक टेबलावर ठेवली गेली. धूळ होती, पण गंज नव्हता. त्याने ती उलटसुलट केली, आठ कोनांवरून बोट फिरवले आणि म्हणाला की असली त्याने फक्त चित्रात बघितली आहे. मग नानांना म्हणाला, "काका, तुमच्या हातची आहे. तुम्हीच उघडून दाखवा, मला उगाच काही मोडायला नको."

नाना उठले. पिशवी बाकाखालीच राहिली. त्यांनी बंदूक उचलली, नळी छताकडे केली, डावी मूठ दस्त्याच्या मानेवर आवळली, उजव्या हाताची बोटे कडीत घातली आणि ओढली. कडी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा तिथेच.

"अडकते साहेब," नाना म्हणाले. अहिराणीत नाही, साहेबांना समजेल अशा मराठीत. "फार दिवसांपासून."

कडी खाली आली की आतला खटका मागे सरकतो आणि घोड्याला, काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीला, मागे लोटतो. घोड्यामागे काही असेल तर सगळे जागीच अडते. इतके रविवार बघून मला हे माहीत होते. नानांचा डावा अंगठा घोड्याच्या मागे होता, नख पांढरे पडलेले. कारागीर टेबलाच्या त्याच बाजूला उभा होता. त्याने अंगठ्याकडे बघितले की नाही ते मी सांगू शकत नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितले, मग कागद पुढे ओढला आणि लिहू लागला.

मी बोलायला हवे होते. नाना, अंगठा काढा, एवढेच म्हणायचे होते. तोंड उघडले की माझी नोकरी जाणार, आणि नानांना आता चालू बंदुकीबद्दल खोटे बोलताना मीच पकडून दिल्यासारखे. दोन्ही बाजूंनी विचार करेपर्यंत कागदावर शिक्का बसला होता. नानांनी बंदूक टेबलावर ठेवली, धोतराच्या सोग्याने नळीवरची आपल्याच बोटांची खूण पुसली आणि विचारले की आता सही कुठे करायची.

बसमध्ये एकदा ते म्हणाले की पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी यंदा रस्त्याची पार वाट लावली. मी हो म्हणालो.

घरी भाऊ वाट बघत बसला होता. परवाना त्याने नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवला होता. नानांनी पायांवर पाणी घेता घेता सांगून टाकले की ती अडकते, म्हणून मिळाली नाही. भाऊ चिडला. तो मनातले ठेवत नाही. म्हणाला, दर रविवारी सर्वांत जास्त वेळ तिच्यापाशी, आणि आत तेल दिले नव्हते का? सात वर्षे धुळ्याला खेटे घातले आणि जपता आली नाही? "तेल देवाले काय व्हतं, नाना?"

आईने त्याला गप्प राहायला सांगितले. नानांनी टॉवेलने पाय पुसले, एकेक बोट करून.

"ऱ्हाई गयं भाऊ," ते म्हणाले. "ध्यानच नही ऱ्हायनं."

मी तिथेच ओसरीवर होतो, हातात चहा. भाऊ आणखी बरेच बोलला आणि नानांनी सगळे ऐकून घेतले.