टेपकाकूंची शिवण

गळ्यातला टेप फक्त आंघोळीपुरता निघायचा, म्हणून त्या टेपकाकू. तीस वर्षं बायकांचे कपडे शिवून त्यांना गल्लीतल्या झाडून साऱ्या छात्यांची खडान्‌खडा माहिती झाली होती. माप घेताना एखादीची एक बाजू मागच्या मापापेक्षा वेगळी लागली, की त्या टेप गुंडाळून ठेवत. "कापड नंतर कापू. आधी डॉक्टर."

वर फुकटचं व्याख्यान. "घरात कुणाला छातीचा कॅन्सर नव्हता म्हणून मिरवू नका. ज्यांना होतो, त्यांतल्या बहुतेकींच्या घरी कुणालाच झालेला नसतो. वय वाढलं की डॉक्टरला विचारून मॅमोग्राफी करून घ्यायची. वजन आवरा, रोज चाला, आणि बाटलीला हात लावू नका." बोलता बोलता काकूंचं चौथं बिस्किट चहात बुडायचं. स्वतः त्या सकाळी मशीनवर बसल्या की दिवेलागणीलाच उठायच्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

पोस्टातल्या बाईंना त्यांनी असंच डॉक्टरकडे हाकललं होतं. बाई वेळेत गेल्या, बऱ्या झाल्या आणि आता बाह्या चुकल्या म्हणून भांडायला येतात.

मग काकूंचा स्वतःचा ब्लाउज डावीकडे काचायला लागला. कापड आटलं म्हणून त्यांनी कापडवाल्याचा उद्धार केला आणि शिवण अर्धं बोट उसवली. महिन्याभरानं पुन्हा उसवली.

दुसऱ्या मशीनवर त्यांची सून बसायची, मोजकं बोलणारी. तिनं ब्लाउज इस्त्रीला उलटा केला आणि थांबली.

"आई, कापड आटलं म्हणालात ना?"

"मग! हलकंच निघालं मेलं."

"एकाच बाजूनं आटलं?"

काकूंनी मशीन कापडाशिवायच चालवलं. दुकानाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच. त्या घाबरल्या होत्या, महिनाभर घाबरल्या होत्या. आंघोळीला साबणसुद्धा तिथं उरकल्यासारखा फिरवत होत्या.

सुनेनं त्यांच्या गळ्यातला टेप काढला. बटणपट्टीपासून काखेपर्यंत धरला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग टेप गुंडाळून मुठीत धरला.

"कापड नंतर कापू," ती म्हणाली.

"माझंच मला शिकवतेस? सासू आहे मी तुझी," असं पुटपुटत काकू चपला शोधायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले, चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहिल्या. मग विचारलं, "किती दिवसांपासून वाटतंय असं?"

काकूंचा हात सवयीनं गळ्याकडे गेला. टेप सुनेच्या मुठीत होता.

"दोनदा शिवण उसवली," त्या हळूच म्हणाल्या, "तेवढ्या दिवसांपासून."