अप्पा आधी मला विचारायचे

अप्पांना जाऊन दीड महिना झाला. भेटेल तो म्हणतो, "वेळ आली होती त्यांची." वेळ कसली डोंबलाची! आयुष्यभर कारखान्याचा बॉयलर सांभाळला त्यांनी, हातावर साधा फोड येऊ दिला नाही. वेळ आणली ती आम्ही... खरं तर मीच.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात आम्ही चौघं. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की अकोले तालुक्याच्या डोंगरात एक अवघड कडा चढायचा, हा आमचा नेम. मी प्रयोगशाळेत, गणपत वजनकाट्यावर, शिवा वेल्डर आणि अप्पा आमचे म्होरके. लोक चढायचा बेत करतात, अप्पा आधी उतरायचा करायचे. अकरा वाजता जिथे असू तिथून मागे, माथा चार हातांवर राहिला तरी. महिनाभर आधी एकटेच एसटीने जाऊन कडा बघून यायचे. कुठला दगड हलतो, ऊन कधी येतं, मोहोळ कुठे लागलंय, सगळं गावातल्या गुराख्यांना विचारून ठेवायचे. आणि चढाईच्या दिवशी पायथ्याशी चहा झाला की प्रत्येकाला विचारायचे, जायचं का? त्यातही ज्याला भीती जास्त, त्याला आधी. म्हणजे मला. "धीटाला आधी इचारलं तर भित्रा लाजंनं हो म्हनतो," असं त्यांचं म्हणणं. "कारन सांगायचं न्हाई. एकाचं न्हाई म्हंजी सगळ्यांचं न्हाई."

दोन वर्षांपूर्वी मी नाही म्हणालो, गेल्या वर्षी पुन्हा. दोन्ही वेळा अप्पांनी मुकाट्याने दोर गुंडाळला आणि आम्ही गावात पिठलं-भाकरी खाऊन घरी आलो. पण गणपतने कारखानाभर माझं नाव 'आडवं मांजर' पाडलं. अप्पा त्याच्यावर डाफरले, "गप ए! त्याच्या भ्यापायी आपन जित्तं हाय." सगळे हसले. मीही हसलो, पण मनाला लागलं ते लागलंच.

यंदा गाळप लांबलं, पट्टा उशिरा पडला. ऊन मी म्हणत होतं आणि अप्पांना कडा बघून यायला सवडच मिळाली नव्हती. "यंदा ऱ्हाऊ द्या," ते दोनदा म्हणाले. पुढच्या वर्षी ते रिटायर होणार, मग कुठलं जाणं, म्हणून आम्हीच त्यांना भरीस घातलं. शेवटी म्हणाले, "बरं... तिथं गेल्यावर इचारू."

सकाळी पायथ्याशी चहा पिताना मी वर पाहिलं. कड्याच्या पोटाखाली एक काळा डाग होता. सावली असेल, आग्या मोहोळही असेल. मी कप खाली ठेवून पुन्हा वर पाहिलं. "काय रं, जायाचं?" अप्पांनी विचारलं. गणपत गालातल्या गालात हसत होता... "जाऊ की!" मी म्हणालो. एवढ्या जोरात मी कधीच बोललो नव्हतो. अप्पा खूश झाले. "आता ह्योच हो म्हनला, मंग काय!" पुढच्या दोघांना विचारणं नुसतं नावाला झालं.

उन्हं कड्यावर आली आणि तो डाग उठला. आम्ही तिघं वर कपारीत पोचलो होतो, अप्पा शेवटचे, खाली दोरावर. "आत सरका, हालू नगा," एवढंच ओरडले. नंतर ओरडणंही थांबलं. माश्या निवल्यावर गावकऱ्यांनी त्यांना खाली उतरवलं. गावात पोचायच्या आतच ते गेले.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, येक इचारू? त्या दिवशी तुमाला आधी इचारलं हुतं ना त्यांनी?"

"हो."

"मंग?"

"जाऊ म्हणालो."

त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मंग बरं. मला वाटायचं, कुनाचं न मानता गेले का काय. तुमाला भ्या वाटलं न्हाई म्हंजी धोका कुनालाच दिसला नसंल... नशीब आपलं."

समोर कप आला. मी तो खाली मान घालून संपवला आणि उठलो. त्या काळ्या डागाचं वहिनींना आज हे छापून आल्यावर कळेल. समोर बसून सांगायचं धाडस मला त्या रविवारीही झालं नाही.