अप्पांचं नळीवरचं जेवण

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्या वडिलांना, अप्पांना, गिळता येईना. पाण्याचा घोटसुद्धा श्वासनळीत जायचा. सोलापूरच्या दवाखान्यातून आम्ही त्यांना मुरुमला घरी आणलं ते नाकातून पोटात गेलेल्या नळीसकट. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला सगळं शिकवलं होतं. आधी नळी जागेवर आहे का ते बघायचं, अप्पांना टेकवून बसवायचं, गाळलेलं डाळीचं पाणी मोठ्या सिरिंजमध्ये ओतून ती उंच धरायची. ढकलायचं नाही. आपोआप उतरू द्यायचं.

त्याला वेळ लागे. दुपारचं ऊन पलंगावर आलेलं असायचं, पिवळं पाणी हळूहळू खाली सरकायचं आणि वर धरलेला माझा हात माझा वाटेनासा व्हायचा. बाजारातल्या आडतीच्या दुकानात आयुष्यभर मोठ्यानं बोललेले अप्पा डोळे मिटून पडलेले.

एका दुपारी ते झोपेतच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हुरडा कवळा हाय."

मी विचारलं, कुठं आहात?

"बेंबळीला. तुज्या आजोळी. तुजी आई चोळून देतीया."

आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. सिरिंज रिकामी झाली तरी मी ती धरूनच बसले.

मग रोजच तसं होऊ लागलं. कधी ते लग्नाच्या पंगतीत गव्हाची गोड हुग्गी खात, कधी जळकोटकडं कुणाच्या तरी शेतात ओल्या शेंगा. जागे झाले की काहीच आठवत नसे. डॉक्टर फोनवर म्हणाले, त्यांना त्रास होत नसेल तर काळजी करू नका. त्रास कसला, मीच दुपारची वाट बघू लागले होते. आई प्रत्येक पंगतीत असायची. कधी वाटे, मीही तिथंच आहे, अगदी लहान, तिचा पदर धरून.

दोनेक महिन्यांनी दवाखान्यात गिळण्याची तपासणी झाली. पहिला चमचा घट्ट दह्याचा. अप्पांनी तो कितीतरी वेळ तोंडातच धरला. मी घाबरून म्हणाले, "गिळा, अप्पा." गळा हलला. ठसका लागला नाही. मी दुसरा चमचा भरला, तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. ह्याची चव अजून तोंडात हाय."

पुढच्या आठवड्यात नळी निघाली. आता ते मऊ भात खातात, सावकाश. दुपारी झोपतात, पण झोपेत बोलत नाहीत. एकदा मीच त्यांना बेंबळीच्या हुरड्याचं, आई तो चोळून देत होती ते, सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तिनं कुठलं लुगडं नेसलं होतं?