वडशाच्या तालमीत बॅले दिवस

धान मळून झाले की दाणा घरात जातो आणि तणीस अंगणात राहते. नाटक कंपनीचेही तसेच आहे. प्रयोग गावोगावचे लोक घेऊन जातात, टाळ्या नट घेऊन जातात, आणि कंपनीच्या दारात किस्से तेवढे साचत राहतात. ते उचलण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. मी प्रॉम्प्टर आहे. आणि आमच्या झाडीपट्टीत प्रॉम्प्टरशिवाय कोणाच्याच काही लक्षात राहत नाही!

आमची कंपनी वडशाची. दिवाळी सरली, धान निघाले, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलेच. शाळा मी चौथीत सोडली, वाचन सोडले नाही. म्हणून कंपनीत मला ‘मास्तर’ म्हणतात. हे किस्से मुख्यतः आमच्या नर्तकीचे, सुलोचनाबाईंचे आहेत. हसू आले तर अवश्य हसावे. आम्हीही हसलो होतो.

*

आमचे मालक वामनभाऊ यांचा एक नियम होता. प्रयोगाच्या गावी पोहोचल्यावर पडदा उघडेपर्यंत कोणीही गावात तोंड दाखवायचे नाही. दिलेल्या घरात बसून राहायचे.

आमचा खलनायक बळीराम एकदा हा नियम मोडून खर्रा आणायला पानठेल्यावर गेला. तिथे त्याने ठेलेवाल्याच्या रडणाऱ्या लेकीला कडेवर घेतले, तिला गप्प केले आणि परत आला.

प्रयोगात त्याने नायिकेवर सुरा उगारला. प्रेक्षकांत अगदी श्वास रोखला गेला होता. तेवढ्यात ठेलेवाला उभा राहून ओरडला, “घाबरू नको बाई! मानूस लय चांगला हाय तो!”

पुढचा अख्खा अंक लोक हसत होते. वामनभाऊ त्या दिवसापासून म्हणत, “पडद्यामागचं पडद्यामागंच राह्यलं पाह्यजे. ते दिसलं की नाटक सरलं.”

हा नियम त्यांनी स्वतःच मोडला, त्याची ही हकीकत.

*

वामनभाऊंची लेक प्रणाली चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये मुलांना नृत्य शिकवते. दिवाळीला माहेरी आली असताना ती तालमीत आली आणि म्हणाली, “बाबा, आज जागतिक बॅले दिवस हाय. जगभरच्या कंपन्या आज आपली तालीम लाइव्ह दाखवून राह्यल्या.”

“तिकीट?” वामनभाऊंनी विचारले.

“फुकट.”

“मंग त्या कंपन्या बुडाल्या!”

आम्ही सर्वजण तिच्या मोबाइलभोवती बसलो. लांबलचक आरसा, भिंतीला एक दांडा, त्याला धरून ओळीने उभ्या असलेल्या सडसडीत मुली. बळीराम म्हणाला, “हे त कवायत हाय. नाच कवा सुरू होते?”

मग एका मुलीने खाली बसून बूट काढला. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, नखे काळी पडलेली. ती पट्टी सोडत होती आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसत होती.

सुलोचनाबाईंनी मोबाइल हातातच घेतला. “माय! हे पोट्टी त माह्यावानीच पट्टी बांधते!” आणि थोड्या वेळाने, “हिचा मालक हिले पट्टी दाखवू देते?”

“दाखवू देते म्हणजे? लोक तिचं कौतुक करून राह्यले, मावशी,” प्रणाली म्हणाली.

बाईंच्या उजव्या गुडघ्याला कित्येक हंगामांपासून पट्टी आहे. ती नऊवारीच्या आत, घट्ट, पडद्यामागे बांधायची, ही कंपनीची रीत. आम्हां सर्वांना ठाऊक होते. कोणी बोलत नसे.

त्या वर्षी नाटकाच्या सुपाऱ्या कमी आल्या होत्या. वामनभाऊ म्हणाले, “जग दाखवून राह्यलं त आपनच काऊन लपून राह्यचं? दाखव.”

*

थेट प्रक्षेपणाचा आरंभ बळीरामपासून झाला. प्रणालीने मोबाइल त्याच्यासमोर धरला. “नमस्कार! आपलं नाव सांगा.”

आमच्याकडे नट पाठांतर करीत नाहीत. विंगेतून मी वाक्य देतो, ते उचलून फेकतात. रोज नवे गाव, रोज नवे नाटक. पाठ करणार तरी किती? बळीरामची ही सवय इतकी मुरलेली, की त्याने प्रश्न ऐकला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले.

मी थांबलो. तोही थांबला. प्रणालीही थांबली.

अखेर मी हळूच म्हणालो, “बळीराम.”

“बळीराम!” तो गर्जला, आणि पाठोपाठ खलनायकाचे तेच हास्य!

*

मग देवाजींची पाळी. देवाजी आमचे ऑर्गनवादक. हल्ली गाणी पेनड्राइव्हवर येतात. ऑर्गनची खोळ फक्त नांदीपुरती निघते. प्रणालीने त्यांना मोबाइलसमोर एक पद वाजवायला सांगितले. देवाजींनी टोपी सारखी केली, खोळ काढली, पायांनी भाता मारायला सुरुवात केली.

आवाजच येईना! पावसाळ्यात उंदरांनी भाता कुरतडून टाकला होता.

देवाजी थांबले नाहीत. डोळे मिटून, ताना घेत, त्यांनी अख्खे पद वाजवले. पट्ट्यांची टकटक तेवढी ऐकू येत होती. शेवटी सम गाठून त्यांनी हात जोडले.

मोबाइलवर पाहणाऱ्यांचे शेरे प्रणालीने आम्हांला वाचून दाखवले. “वा देवाजी!” “जुनं ते सोनं.” आणि सर्वांत जास्त, “ताई, तुमच्या तिकडे नेटवर्क प्रॉब्लेम आहे.”

देवाजी खोळ घालीत म्हणाले, “बरं झालं. माह्यावर नाई आलं.”

*

सुलोचनाबाई शेवटी बसल्या. कोणी आग्रह केला नव्हता. त्यांनी लुगडे गुडघ्यापर्यंत सरकवले, पट्टी सोडली, सुजलेला गुडघा तेल लावून चोळला, पुन्हा पट्टी बांधली. त्या परदेशी मुलीसारख्या कॅमेऱ्याकडे पाहून हसल्यासुद्धा. मग उठून एक गिरकी घेतली. त्या वयात, त्या गुडघ्यावर! आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आरमोरीजवळच्या एका गावाहून नाटक ठरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. वामनभाऊंनी स्पीकर लावला होता.

“वामनभाऊ, तुमची डान्सर लंगडी हाय म्हन्तात.”

“लंगडी नाई जी. पट्टी बांधली हाय.”

“तेच त सांगून राह्यलो! आमच्या मंडईले सोयरे येतात, पाव्हने येतात. आमी का पट्टी पाहाले तिकीट काढाचं?”

“अध्यक्षसाहेब, मागच्या मंडईत तुमीच त तिले वन्समोअर देल्ला होता. हाच गुडघा होता.”

“तवा दिसला नोयता!” अध्यक्ष म्हणाले.

वामनभाऊंनी फोन ठेवला. पाठोपाठ इतर गावांचेही फोन आले. सर्वांना तरुण नर्तकी हवी होती.

*

हे बाईंना सांगायचे कोणी? वामनभाऊ म्हणाले, “मास्तर, सांगाचं काम तुमचं.”

बाई तालमीच्या अंगणात घुंगरांची वादी ओवत होत्या. मी म्हणालो, “बाई, यंदा आपण विश्रांती घ्यावी, असे कंपनीस वाटते.”

त्यांनी मान वर केली नाही. “मास्तर, हे वाक्य कोनाचं हाय? तुमचं नाई वाटत.”



हंगाम नसताना बाई मोहर्लीला, वाघांच्या जंगलाकाठी, एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटतात. तिथे कायमचे या, असे तिथल्या मॅनेजरने त्यांना केव्हाच सांगून ठेवले होते. मी तेच सुचवले. निदान काम होते, छप्पर होते.

“जातो ना,” बाई म्हणाल्या. “तिथी लोक वाघ पाहाले येतात. इथी मले पाहाले येत होते.” मग वादीची गाठ दाताने आवळून म्हणाल्या, “मंडई सरू द्या, मंग जातो.”

पहिल्या प्रयोगाला गाडी निघाली तेव्हा बाई आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीशी, बसलेल्या होत्या. वामनभाऊ काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, “गाडीत बसाले का गुडघा लागते?”

कोणी त्यांना उतरवले नाही.

*

प्रयोग त्याच आरमोरीजवळच्या गावी होता. नवी नर्तकी श्रेया नागपूरची. चुणचुणीत, पण एकट्या पेनड्राइव्हच्या भरवशावर नाचणारी. बाई विंगेत माझ्या शेजारी, देवाजींच्या खोळ घातलेल्या ऑर्गनला टेकून बसल्या होत्या.

साऊंडवाल्याने चुकून भलतेच, बाईंच्या वेळचे गाणे लावले. श्रेया रंगमंचाच्या मध्यभागी उभीच राहिली. मग आमच्या कंपनीतला प्रत्येकजण जे करतो तेच तिने केले. विंगेकडे पाहिले.

मी पाहतच राहिलो. नाचाचा प्रॉम्प्ट द्यायचा तरी कसा?

माझ्या बाजूला हालचाल झाली. बाईंनी बसल्या जागी हात उचलले होते. मनगट, मान, नजर. लुगड्याखाली पावले जमिनीला न लागता ठेका धरीत होती. श्रेया ते उचलत होती, क्षणभर मागे, अगदी बळीराम माझी वाक्ये उचलतो तशी. वन्समोअर आला. पुन्हा बाईंचे हात, पुन्हा श्रेयाचे पाय.

अंक संपल्यावर अध्यक्ष हार घेऊन मागे आले. श्रेयाच्या गळ्यात हार घातला, तिच्या शेजारी उभे राहिले, आणि फोटो काढणाऱ्याने हात हलवला तेव्हा त्यांनी मागे वळून सांगितले, “ओ बाई, जराशा सरका. फोटोत येऊन राह्यल्या.”

बाई सरकल्या. सरकताना गुडघा धरावा लागला, तो त्यांनी या वेळी सर्वांसमोर धरला. आता लपवायचे काय उरले होते!

*

मंडई सरली, बाई मोहर्लीला गेल्या, आणि हंगाम आला तशा पुन्हा गाडीत येऊन बसल्या. कंपनीतील नर्तकीची जागा श्रेयाकडेच राहिली. बाईंना कोणते काम द्यायचे, हे ना वामनभाऊंनी ठरवले, ना कोणी विचारले.

यंदा तो बॅले दिवस पुन्हा आला. वामनभाऊंचे म्हणणे पडले, की आता बंद करा हे. प्रणाली म्हणाली, “बाबा, फक्त नाव आनि काम विचारतो. कोनाचा पाय नाई दाखवत.”

बळीरामला मी त्याचे नाव दिले. देवाजींचा भाता अजून तसाच असल्यामुळे त्यांनी नेटवर्कबद्दल आधीच क्षमा मागून टाकली. श्रेयाने ‘डान्सर’ म्हणून सांगितले आणि केस मागे सारले.

मग प्रणालीने मोबाइल सुलोचनाबाईंसमोर धरला. “मावशी, नाव सांगा.”

“सुलोचना.”

“कंपनीत काय काम करता?”

वामनभाऊ खाली पाहू लागले, श्रेयाने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. बाईंनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले.

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे वाक्य कधी मागितले नव्हते. नर्तकीला वाक्ये नसतात.

मी हळूच म्हणालो, “नर्तकी.”

त्यांनी ऐकले. नक्की ऐकले, ओठ हलले मला दिसले. मग त्या मोबाइलकडे वळल्या आणि म्हणाल्या,

“प्रॉम्प्टर आहो जी मी. पायाचा.”