बेटम्याची व्हॅन आणि तिच्यातला सरकता ट्रे

१० जानेवारी २०२५, शुक्रवार, सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत मी व्हॅनच्या मागच्या डाव्या चाकाचे नट तिसऱ्यांदा आवळत होतो. हात गारठले होते. आई शाल पांघरून दारात उभी होती. तिच्या एका हातात मटारची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात काहीच नव्हतं. म्हणजे बांगड्या होत्या, पण पाटल्या नव्हत्या. त्या गहाण होत्या, आणि त्या पैशांवर घेतलेली गाडी माझ्यासमोर उभी होती.

"मंगेश, अट लक्षात आहे ना?" आईने विचारलं.

अट अशी होती. आई दोन रात्री व्हॅनमध्ये झोपणार. पाठीला आणि मनाला पटलं तर गाडी राहील. नाही पटलं तर विकायची आणि पाटल्या सोडवायच्या. आई मराठी शाळेतून रिटायर झालेली आहे. परीक्षा घेणं तिला जमतं आणि नापास करणंही जमतं. बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली होती: "आता जे करशील ते नीट कर, आणि नीट लिही."

नीट करायचं म्हणून मी ही व्हॅन सात महिने शोधली. मी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळतो. लोक जुन्या गाड्यांत कुठे फसतात ते रोज ऐकतो. माझा विचार असा, की जुनी डिझेल व्हॅन घ्यायची, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करायची, मागे हूक लावायचा आणि पुढे तंबूंची एक छोटी ट्रॉली ओढत लोकांना मांडू-महेश्वर फिरवायचं. जो वाचक असं काही करणार असेल त्याने पुढचं सावकाश वाचावं. माझं जिथे चुकलं ते मीही सावकाश लिहितो.

गाडी इंदूरजवळच्या बेटम्याला मिळाली, २०१२ची. मीटर पाहिलं तर फक्त एकतीस हजार किलोमीटर. मला धक्काच बसला. बारा वर्षांत एवढंच? मीटर मागे फिरवलं असणार, म्हणून मी वाकून क्लचच्या पेडलचं रबर पाहिलं. मीटर खोटं सांगतं, रबर सांगत नाही. रबरावरच्या रेघा शाबूत होत्या.

गाडी एका सेवा संस्थेच्या नावावर होती. विकणारे सेठजी तिचे खजिनदार. ते खुर्चीतून न उठता म्हणाले, "भिया, धीरे चली है। कभी किसी को जल्दी नहीं थी। और पीछेवालों ने आज तक एक शिकायत नहीं की।"

मी हसलो. का हसलो ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मागे सीट नव्हत्या. जमिनीवर दोन लोखंडी रूळ आणि त्यांवर सरकणारा माणसाएवढा लांब स्टीलचा ट्रे होता. माझे वेल्डर रफीक भिया सोबत होते. त्यांनी ट्रे ओढून पाहिला आणि निकाल दिला, "केटरिंग का काम है। बड़े भगोने सरकाने का। संस्था भंडारा करती होगी।" मलाही शंभर टक्के पटलं. आम्हा इंदूरकरांना लांब स्टीलचा ट्रे दिसला की डोक्यात पहिली गोष्ट जेवणच येते. मी इंजिन नंबर, चॅसी नंबर, फिटनेस, विमा, सगळं तपासलं. गाडी काय वाहत होती हे मात्र विचारलं नाही.

मग दोन महिने रफीक भियांच्या गॅरेजात काम चाललं. मागच्या चॅसीला हूक जोडला, आणि दोरीऐवजी ओढायला जाड लोखंडी रॉड बनवून घेतला. दोरीने ओढलेली गाडी उतारावर पुढच्या गाडीला येऊन ठोकते. रॉड अंतर राखतो. असे बदल करताना आरसीवर काय नोंदवावं लागतं ते आधी विचारून घ्या. रंग बदलायचा तर तोही नोंदवावा लागतो, म्हणून पांढरा रंग आणि मरून पट्टा मी तसाच ठेवला. आणि त्या ट्रेवर मी स्वतः एवढा खूश होतो की त्याला दोन कामं दिली. दिवसा तो मागच्या दारातून अर्धा बाहेर ओढायचा, की झाला ओटा. रात्री आत ढकलून वर गादी टाकायची, की झाला आईचा पलंग.

तर आम्ही निघालो. धार रोड चांगला आहे, फक्त पहाटे धुकं असतं, तेव्हा घाई नको. बेटम्यात पोहे-जिलेबी घेतली, दोघांचे ऐंशी रुपये. गावातून जाताना एक विचित्र गोष्ट दिसली. चहाच्या टपरीवर बसलेले दोन म्हातारे गाडी पाहून उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. पुढे एका दुकानदाराने टोपी काढली. आईने काचेतून सगळ्यांना मान लववून नमस्कार केला.

"इकडची माणसं किती नम्र आहेत रे," ती म्हणाली. "आपल्या गल्लीत कोणी ओळखसुद्धा देत नाही."

धारनंतर रस्ता अरुंद होतो, पण शेतं सुंदर. मांडूला अकराच्या आत पोहोचलो. जहाज महाल पाहिला, रूपमतीच्या मंडपातून खाली लांबवर नर्मदेची रेघ पाहिली. आई तिथे पाच मिनिटं उभी राहिली. दुपारी दाल-पानिये खाल्ले; मक्याचा गोळा पानात गुंडाळून शेणीवर भाजतात, वर तूप. रात्री पार्किंगच्या चौकीदाराला विचारून तिथेच गाडी लावली. आई ट्रेवर झोपली, मी पुढच्या सीटवर. मी दर तासाला उठून हँडब्रेक तपासला. ती हललीसुद्धा नाही.

सकाळी म्हणाली, "वर्षभरात अशी झोप लागली नव्हती. पाठ एकदम सरळ राहते." मी मनात एक रात्र पास अशी खूण केली.

शनिवारी दुपारी आम्ही धामनोदच्या बाजूला घाट उतरलो. खाली जरा चढ लागतो, तिथे आमच्यासारखीच एक पांढरी व्हॅन कडेला बंद पडलेली होती. बॉनेट उघडं, भोवती सात-आठ माणसं. एक तरुण हात करत रस्त्याच्या मधोमध आला. त्याच्या डोळ्यांकडे पाहून मी ब्रेक दाबला.

"भैया, पिताजी हैं अंदर," तो म्हणाला. "धार के अस्पताल से ला रहे हैं। गाँव यहाँ से नौ किलोमीटर है। सूरज ढलने से पहले दाग देना है। क्लच जल गया।"

ती शववाहिका होती. दाग द्यायचा म्हणजे अग्नी द्यायचा, आणि दुपार उतरायला लागली होती. पण क्लच जळाला असेल तर इंजिन आणि ब्रेक चालू असतात, म्हणजे गाडी ओढता येते, हे डोक्यात आपोआप आलं. "मेरे पास हूक है," मी म्हणालो. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोललो, आणि ते अशा वेळी बोलावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आई मागे ट्रेवर बसून मटार सोलत आली होती; गाडी थांबली तसं तिने मागचं दार उघडलं होतं. शेजारी शेगडी, मिठाचा डबा, कढई. मी रॉड काढायला मागे गेलो आणि बंद गाडीचा ड्रायव्हर रॉड धरायला माझ्यासोबत आला. साठीचा माणूस, गळ्यात मफलर, नाव गोपालजी. त्याने दाराजवळ येऊन वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग आत पाहिलं आणि तसाच थांबला.

"भिया, यह कहाँ से ली?"

"बेटमा से."

"मैं धार क्या चला आया, सेठजी ने बेच दी?" त्याने रुळावरून बोट फिरवलं. "इस पर मैंने बारह साल गाँव भर को पहुँचाया है। यह ट्रे मैंने ही लगवाई थी, कंधा देनेवालों की कमर न टूटे इसलिए। अंतिम यात्रा की गाड़ी है यह तो।" मग तो हळूच म्हणाला, "माताजी मटर छील रही हैं।"

एकतीस हजार किलोमीटर. हळू चाललेली गाडी. तक्रार न करणारे मागचे. उठून उभे राहणारे म्हातारे. सगळं एकदम जागेवर बसलं, आणि मी तिथेच पायरीवर बसलो. काल रात्री आई यावर झोपली होती. परवा मी यावर कणीक मळून पाहिली होती, ओट्याची उंची बरोबर आहे का ते बघायला.

आईने ऐकलं होतं. तिच्या हातातली शेंग तशीच अर्धी उघडी राहिली. मग तिने मटार पिशवीत भरले, खाली उतरली, आणि जाऊन रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी राहिली. माझी हिंमत होईना जवळ जायची. पाटल्या, गाडी, तंबू, ट्रॉली, सगळं त्या पाठीकडे पाहून संपल्यासारखं वाटलं.

तो तरुण पुन्हा आला. "भैया, सूरज..."

आई वळली. "मंगेश, रॉड लाव," ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

रॉड लावला. पिन दोनदा तपासली. गोपालजींना सांगितलं, "इंजन बंद मत करना, नहीं तो ब्रेक पत्थर हो जाएगा." पहिल्या गियरमध्ये क्लच हळूहळू सोडला. गाडीला मागचं वजन कळलं, ती एकदा गुरगुरली आणि चालू लागली. ताशी पंधराच्या वर मी गेलो नाही. समोरून येणारे मोटारसायकलवाले थांबत होते, हात जोडत होते. आता आई मान लववत नव्हती. तीही हात जोडून बसली होती.

गावाच्या तोंडाशी माणसं जमलेली. एक म्हातारी गर्दीतून सुटून सरळ आमच्या गाडीकडे आली, कारण आमची गाडी पुढे होती. तिने आमच्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवले आणि कपाळ टेकवलं. आत आपला माणूस आहे असं तिला वाटलं. मी स्टिअरिंग धरून बसलो.

आई उतरली. तिने म्हातारीच्या खांद्याला धरलं आणि म्हणाली, "ताई, इधर नहीं. पीछे. चलो, मैं ले चलती हूँ." आणि हळूहळू तिला मागच्या गाडीपर्यंत घेऊन गेली. दार उघडेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

ते लोक निघाल्यावर गोपालजी मला म्हणाले, "धार की हमारी संस्था के पास यही एक गाड़ी है। फिर बंद पड़े तो फोन करूँ?" मी नंबर दिला. का दिला, तेव्हा माहीत नव्हतं.

महेश्वरला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. आई तशीच नेसत्या साडीने घाटाच्या पायऱ्या उतरली आणि नर्मदेत तीन डुबक्या मारल्या. मलाही मारायला लावल्या. जानेवारीतलं पाणी, श्वासच बंद झाला. मग तिने बादली भरून आणायला सांगितली आणि स्वतःच्या हाताने ट्रे धुतला, कोपऱ्यांसकट, रुळांसकट.

तोवर मी घाटाजवळच्या धर्मशाळेत खोली घेऊन आलो होतो, चारशे रुपये. किल्ली तिच्यासमोर ठेवली.

"ही कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. आई, मला खरंच माहीत नव्हतं. सोमवारी गाडी विकायला लावतो."

आई केस पुसत राहिली. मग म्हणाली, "काल मला झोप लागली होती की नव्हती?"

"लागली होती."

"मग? माणसाला आडवं होण्यासाठीच केलाय तो ट्रे. झोपायला माझी हरकत नाही. एवढी माणसं त्यावर निवांत गेली, मी एक रात्र काढली तर काय बिघडलं?" तिने ट्रेकडे बोट दाखवलं. "पण स्वयंपाक नाही. त्यावर परत मटार सोललेले मी चालवून घेणार नाही. ओटा वेगळा कर. लाकडाचा."

किल्ली तिने मला दिली. "तू झोप तिथे. रात्रभर हँडब्रेक खडखडवतोस, मला जाग येते."

मी सांगितलं होतं ना, की ती हललीसुद्धा नव्हती? मी उठलो की तीही जागी होत होती.

रविवारी मानपूरच्या घाटाने परतलो. इंदूरला आल्यावर रफीक भियांना सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून म्हणाले, "और मैंने उस पर बैठकर तेरे साथ समोसे खाए!" आणि गॅरेजातल्या नळाखाली जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आले.

धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. गाडीचं दार उघडताना माझा हात आपोआप आधी पायरीकडे जातो. जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पेडलचं रबर पाहा, चॅसी पाहा, आणि गाडीत कोण बसत होतं ते तोंडाने विचारा. उत्तर ऐकून कदाचित तुम्ही ती घेणार नाही. मी आज घेईन.

हिशोब.

गाडी २,३५,०००. नाव बदलणं आणि विमा २१,४००. चार टायर २६,०००. हूक, रॉड आणि आतलं वेल्डिंग ३८,५००. वायरिंग, दिवे, पडदे, गादी १७,२००. प्रवासात डिझेल २,६००, टोल २१०, खाणं १,१४०, तिकिटं आणि पार्किंग १८०, धर्मशाळा ४००. एकूण ३,४२,६३०.

देणं: पाटल्यांवरचं कर्ज १,५०,०००. रफीक भियांचे ६,५००. गोपालजींचा फोन, येईल तेव्हा उचलणं. आणि लाकडी ओटा एक, आईला, संक्रांतीच्या आत.