न पाहिलेल्या गाडीचा निषेध

जी गाडी तुम्ही डोळ्यांनी कधी पाहिली नाही, जी विकत घेण्याची तुमची सात जन्मांत ऐपत होणार नाही, तिच्या आकारावरून तुम्ही कधी जवळचा माणूस गमावला आहे का?

मी गमावला. गेल्या हिवाळ्यात, यवतमाळात.

एका परदेशी कंपनीनं आपल्या स्पोर्ट्स कारचं रूप बदललं आणि सकाळी उठायच्या आत नव्या गाडीचे फोटो आमच्या ग्रुपवर येऊन पडले. हा ग्रुप जिल्ह्यातल्या गाडीवेड्या लोकांचा. ॲडमिनचं पांढरकवड्याला हायवेवर टायरचं दुकान आहे. बाकी कोणी विम्याचं काम करतो, कोणी औषधाच्या दुकानात आहे, दोघे-तिघे सोयाबीन-तूर पिकवणारे. चारचाकी फार थोड्यांकडे, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचीही घरच्यांना दवाखान्यात न्यायच्या कामाची. माझ्याकडे जुनी मोटरसायकल. ती स्पोर्ट्स कार आमच्यापैकी एकट्या ॲडमिननं पाहिलेली, तीही जुन्या रूपातली, त्याच्या दुकानासमोरून हैदराबादकडे जाताना. "आवाज आला म्हून मान वर केली, तवरिक ते गेलती," असं तो सांगायचा. तरी तिच्या एकेका नटबोल्टवर आमचा हक्क होता.

जुन्या गाडीचे दिवे गोल होते. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत बाजूनं एक धारदार रेघ जायची. त्या रेघेवर आमचा जीव. नव्या गाडीत दिवे पट्टीसारखे बारीक केले होते आणि रेघ काढूनच टाकली होती. ग्रुपवर दिवसभर आग होती.

"समोरून पाह्यलं तं चष्मा हरवलेला जावई वाट्टे."

"अन् बाजूनं? साबणाची वडी. वापरलेली."

"मागून फ्रीज हाय. दार उघडलं का दही भेटन."

मीही हसत होतो. राग मात्र खरा होता. दुपारी मी लिहिलं की हसून भागणार नाही, आपण कंपनीला निषेधाचं पत्रक पाठवू, मी लिहितो, सगळ्यांची नावं खाली घालू. लगेच अंगठ्यांची रांग लागली. त्या रांगेच्या मधोमध एकानं लिहिलं, "मले तं आवडली नवी." त्याच्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. तो माझा मित्र होता.

माझं लहानपण पत्रकांवर गेलं. वडील दारव्ह्याला एका लहान छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. दिवसा लग्नपत्रिका जुळवायचे आणि सुटी झाली की पत्रकं: जिनिंगमधल्या हमालांच्या मजुरीवर, शाळेच्या फीवर, बंद पडलेल्या बसफेरीवर. आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी वाचायला त्यांच्यावरच शिकलो, आणि पहिली ओळ कानाखाली वाजली पाहिजे, शेवटच्या ओळीनं माणूस उठून उभा राहिला पाहिजे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आजही मला साधी चिठ्ठी लिहिता येत नाही. भाजीची यादी लिहायला बसलो तरी आवाज चढतो.

अशा घरात गाडीचं वेड म्हणजे चोरीच. मासिकातून कापलेली गाड्यांची चित्रं मी वह्यांच्या पुठ्ठ्यात लपवायचो. पुढे यवतमाळच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो, चळवळीतले मित्र मिळाले, पण त्यांच्यासमोर गाडीचं नाव काढलं की ते माझ्याकडे काळजीनं पाहायचे. गाडीवाल्यांसमोर हमालांचा विषय काढला की तिकडे शांतता व्हायची. दोन्ही ठिकाणी मी अर्धाच बसलेला असायचो. पूर्ण बसायची जागा एकच होती, यवतमाळात दारव्हा रोडवरचं, ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणाऱ्या एका डेंटरचं टिनाचं शेड. नवी गाडी आवडलेला माझा मित्र तो हाच.

तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. दिग्रसकडच्या बंजारा तांड्यातला. काम करता करता फोनवर आईशी गोरबोलीत बोलायचा, "हां याडी, हां याडी," आणि फोन ठेवला की माझ्याकडे वळून वऱ्हाडीत, "बोल मास्तर, आज कोणाले पाडून आला?" मी त्याला दादा म्हणायचो. कॉलेज सुटल्यावर एसटीला वेळ असला की मी तिथे रंगाच्या डब्यावर बसायचो. हमालांच्या मजुरीचं त्याला सांगावं लागत नव्हतं आणि गाडीच्या वेडाचंही. तिथे मला घरी आल्यासारखं वाटायचं. घरी तसं वाटत नसे.

पत्रक लिहायचं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. त्यानं एका पांढऱ्या गाडीचा दरवाजा काढून दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला होता.

"दादा, तुले ते साबणाची वडी आवडली?"

"आवडली ना."

"काहून?"

त्यानं लांब वायरची ट्यूबलाइट उचलली आणि दरवाजाच्या वर धरून हळूहळू सरकवली. पत्र्यावर उजेडाची एक पांढरी रेघ पडली होती, तीही सरकत गेली.

"पाह्य, इथं आली का वाकडी होते. तिथं पोट हाय पत्र्याले."

"मले काही दिसत नाई."

"मंग हात ठेव. डोये मीट."

मी तळहात फिरवला. थंड पत्रा, आणि एका जागी अगदी थोडा फुगवटा, अंगावर गांधी उठावी तितका. उघड्या डोळ्यांना तो दिसला नव्हता.

मग त्यानं फोन काढला आणि जुन्या गाडीचा फोटो पुट्टी लागलेल्या बोटानं मोठा केला. "हे जे रेघ हाय, जिच्यासाठी तुम्ही सारे रडून राह्यले, हे पत्रेवाल्याले मोठी सोयीची असते. वर-खाली काही इकडचं तिकडे झालं तं रेघ झाकून घेते. लोकाची नजर तिच्यावरच जाते ना. मी बी तसंच झाकतो, खोटं कायले बोलू."

"अन् नवी?"

"नवीवर काहीच नाई. एवढा मोठा पत्रा अन् त्याच्यावर काहीच नाई. लपवाले जागाच ठेवली नाई बाप्पा. ज्यानं तो पत्रा दाबला असन त्याच्या पोटात गोळा आला असन, मास्तर. मले तं त्या माणसाले भेटावं वाट्टे."

"अन् हेडलाइट?"

"हेडलाइट बेकारच हाय. झोपेतून उठवल्यावानी."

आम्ही दोघेही हसलो. निघताना तो म्हणाला, "तू लिहून राह्यला ना ते पत्रक? त्याच्यात हे बी लिही. एकाले आवडली म्हून, अन् काहून आवडली ते."

"लिहितो," मी म्हणालो.

मला त्याचं पटलं होतं. हे मी आज कबूल करतो आहे. त्या शेडमध्ये, हात पत्र्यावर असताना, मला ते पूर्ण पटलं होतं.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी फोनवर लिहायला घेतलं. पहिली ओळ झकास आली. दोन परिच्छेद झाले. मग दादाचं म्हणणं घालायची वेळ आली आणि मी थांबलो. ते घातलं असतं तर पत्रकाची धारच गेली असती. ज्या पत्रकात समोरच्याचंही म्हणणं नीट मांडलंय असं पत्रक मी जन्मात वाचलं नव्हतं. आणि ग्रुपवर सगळे वाट पाहत होते. मग त्याच्या म्हणण्याच्या जागी एक वाक्य आपोआप आलं:

"ज्यांनी उभी हयात फक्त ठोकलेल्या गाड्या पाहिल्या, त्यांना सुंदर गाडी कशाशी खातात हे काय कळणार?"

मी ते तीन वेळा वाचलं. ते कोणाला लागेल हे मला माहीत होतं. पण वाक्य जमलं होतं, ठेका बसला होता. मी ते ठेवलं. दारव्हा यायच्या आत पत्रक ग्रुपवर गेलं होतं.

"सर, आग लावली."

"हे तं सीधं मालकाच्या घरी पाठवा."

आणि मग ॲडमिन: "आपल्या एका डेंटर साहेबाले झोंबलं वाट्टे." त्याच्यामागे दहा-बारा हसरे चेहरे.

थोड्या वेळानं स्क्रीनच्या मधोमध ती करड्या अक्षरांची ओळ आली, दादानं ग्रुप सोडल्याची. मला वाटलं, दोन दिवसांत भेटू, चहा पाजू, शिव्या खाऊ, संपलं.

पण दोन दिवसांत ते वाक्य माझ्या हातात उरलं नव्हतं. बाकीचं पत्रक गळून गेलं आणि तेवढं एकच वाक्य, हातोडीचं चित्र लावून, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरायला लागलं. स्पोर्ट्स कारचा त्यात पत्ताच नव्हता. मला ते कॉलेजच्या ग्रुपवरून परत आलं, खाली कोणीतरी लिहिलं होतं, "सगळे गॅरेजवाले असेच." कोणाला माहीत नव्हतं की ते माझं आहे.

वडिलांपर्यंतही ते आलं. त्यांनी चष्मा लावून फोन लांब धरला. गाडीतलं त्यांना काही कळत नाही, त्यांना कळून घ्यायचंही नाही.

"हे तुयं हाय. ठेका तुया हाय," ते म्हणाले.

"कंपनीच्या विरोधात होतं, बाबा."

"कंपनी कुठं हाय याच्यात? मार कोणाले लागून राह्यला ते पाह्य. हात काळे करून खाणाऱ्याले." त्यांनी फोन परत दिला. "मी इतकी पत्रकं जुळवली. असलं एक बी नाई जुळवलं."



दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो. तो एका बोनेटवर वाकून घासकाम करत होता. मला पाहून सरळ झाला, हात पुसले.

"या सर. बसा."

इतक्या वर्षांत त्यानं मला कधी सर म्हटलं नव्हतं आणि बसाही म्हटलं नव्हतं. त्यानं आतून खुर्ची आणून फडक्यानं पुसली आणि शेजारच्या टपरीवर चहाची हाक दिली. मी रंगाच्या डब्याकडे पाहत खुर्चीवर बसलो.

"दादा, ते वाक्य…"

"कोणतं वाक्य, सर?"

"तुले माहीत हाय."

"गाडीचं काही काम होतं काय तुमचं?"

मी नाही म्हणालो. चहा आला. त्यानं पैसे मला देऊ दिले नाहीत. मी जाईपर्यंत तो उभाच राहिला, गिऱ्हाइकासमोर उभं राहावं तसा. माझ्या अंगावर ओरडला असता तर मी पाय धरले असते.

नंतर उन्हाळ्यात परीक्षेच्या ड्यूटीवर पांढरकवड्याला गेलो होतो. पेपर सुटल्यावर हायवेकडे चालत आलो तर एका हॉटेलसमोर ती उभी. नवी, राखाडी रंगाची, तेलंगणाची पासिंग. गाडीचा मालक आत जेवत असावा. आजूबाजूला पाच-सहा जण मोबाइल घेऊन उभे होते. मी समोरून पाहिलं. दिवे खरंच बेकार होते. मग बाजूला गेलो.

हॉटेलचा पत्रा, कडुनिंब, मागून जाणारा ट्रक, सगळं तिच्या अंगावरून एका लयीत वाहत होतं. कुठेही अडखळत नव्हतं. मी खाली बसलो, डोळे पत्र्याच्या पातळीला आणले आणि उजेड कुठे वाकडा होतो का ते शोधत राहिलो. नाही झाला. हात लावायची फार इच्छा झाली, पण दुसऱ्याच्या गाडीला कसा लावणार. आणि हे ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता.

मी फोटो काढला, त्याला पाठवला, खाली लिहिलं, "दादा, तू बरोबर होता." निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. आजपर्यंत नाही.

ग्रुपवरही लिहिलं: गाडी मी समोर उभं राहून पाहिली, बाजूनं अप्रतिम आहे, पत्रकातलं वाक्य चूक होतं, मी ते मागे घेतो, माफी मागतो. तिकडून उत्तरं आली.

"सर पलटले."

"गाडीत बसवलं काय कोणी?"

ॲडमिनला फोन करून म्हणालो, ते वाक्य फिरतं आहे, काहीतरी कर. तो म्हणाला, "भाऊ, ते आता आपल्या हाती राह्यलं काय? जाऊ दे ना, मजाकच तं हाय." त्याचा आवाज मऊ होता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी अजूनही कॉलेज सुटल्यावर दारव्हा रोडवरून बसस्टँडकडे जातो. शेडमध्ये ट्यूबलाइट सरकताना दिसते. मी रस्त्याच्या पलीकडून चालतो. चळवळीच्या बैठकीला जातो, हमालांच्या मजुरीचं नवं पत्रक मला लिहायला सांगितलं आहे, पण पहिली ओळ आली की मी ती कोणाला लागेल ते पाहत बसतो आणि पत्रक तिथेच राहतं.

ते वाक्य परत घ्यायला मी एकटा पुरा पडणार नाही. म्हणून तुम्हाला मागतो आहे. हातोडीचं चित्र लावलेलं ते वाक्य तुमच्या फोनवर आलं असेल, किंवा पुढे कधी आलं, तर हसून पुढे पाठवू नका. ज्यानं पाठवलं त्याला दोन ओळी लिहा: हे लिहिणारा माणूस आम्हाला माहीत आहे, तो सांगतो की हे खोटं आहे, आणि लिहिताना ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं. एवढं लिहा, आणि मग ते वाक्य तुमच्या फोनमधून पुसून टाका.